जांभळं रक्त, पांढरं रक्त: ऑक्सिजन वाहून नेणारे कृत्रिम द्रव नक्की अडलेत कुठे?

निळाई

जपानमध्ये जांभळं रक्त तयार झालंय, कुठल्याही रक्तगटाला चालतं, दोन वर्षं टिकतं, आता रक्तदानाची गरजच उरणार नाही, असा एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. मी भूलतज्ज्ञ आहे त्यामुळे ओळखीतले लोक मलाच विचारतात की हे खरं का. अर्धं खरं आहे. आणि उरलेलं अर्धं सांगायला दोन ओळी पुरत नाहीत म्हणून हा धागा काढतेय.

पहिली गोष्ट, ही द्रव्यं रक्ताचं एकच काम करतात, फुप्फुसातून ऑक्सिजन घ्यायचा आणि पेशींपर्यंत पोचवायचा. रक्त गोठवणं, जंतूंशी लढणं ह्यातलं काही त्यांना येत नाही. पण मोठ्या रक्तस्रावात माणूस जातो तो बऱ्याचदा ऑक्सिजन न पोचल्यामुळेच, त्यामुळे हे एक काम काही तास जरी कुणी निभावलं तरी जीव वाचू शकतो.

गरज का आहे ते सांगते. लाल पेशींची पिशवी फ्रिजमध्ये २ ते ६ अंशांना ठेवावी लागते आणि चांगल्यात चांगल्या द्रावणात ४२ दिवस टिकते. रक्तगट जुळवा, क्रॉसमॅच करा (पेशंटच्या आणि पिशवीतल्या रक्ताची जुळणी तपासा), आणि वेळ नसेल तर ओ निगेटिव्ह द्या, जे नेहमीच अपुरं असतं. युद्धभूमी, दुर्गम भाग, भूकंप अशा ठिकाणी ही साखळी तुटतेच. त्यामुळे कपाटात ठेवता येईल आणि गट न बघता कुणालाही लावता येईल असा द्रव असावा ही इच्छा फार जुनी आहे. इतकी जुनी की १८५४ साली टोरोंटोमध्ये कॉलऱ्याच्या रुग्णांना शिरेतून चक्क दूध दिलं होतं. रक्तगट सापडले ते १९०१ मध्ये, लँडस्टायनरमुळे, म्हणजे त्याच्याही जवळजवळ अर्धं शतक आधीची ही गोष्ट.

आज दोन घराणी आहेत. एक परफ्लुओरोकार्बन, ह्यात ऑक्सिजन नुसता विरघळतो, आणि द्रव दुधासारखा पांढरा दिसतो. दुसरं हिमोग्लोबिनवर आधारलेलं, ह्यात पेशीतलं हिमोग्लोबिन बाहेर काढून, काही रासायनिक बदल करून वापरतात. ते जपानचं जांभळं ह्या दुसऱ्या घराण्यातलं.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे वाद घालायचा असेल तर घालता येईल. ऑक्सिजन वाहून नेण्याचा प्रश्न शास्त्रज्ञांनी कधीच सोडवलाय, पन्नासेक वर्षं झाली. गाडी अडली ती दोन ठिकाणी, एक म्हणजे हिमोग्लोबिन पेशीबाहेर काढल्यावर शरीरात काय काय होतं ते उशिरा कळलं, आणि दुसरं म्हणजे ह्या द्रवांची परीक्षा पुष्कळदा चुकीच्या जागी घेतली गेली, जिथे खरं रक्त हाताशी होतं तिथे.

तळ्यातमळ्यात

छान विषय ताई. एक बाळबोध प्रश्न. रक्तपेढीत मुदत संपलेल्या पिशव्या टाकूनच देतात ना, मग त्या पेशी फोडायच्या, हिमोग्लोबिन गाळून घ्यायचं आणि सलाइनमध्ये मिसळून द्यायचं. एवढं सोपं का नाहीये ते?

निळाई

बाळबोध अजिबात नाही, सगळे आधी ह्याच वाटेनं गेले. अ‍ॅम्बरसन नावाच्या शास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात मांजरांवर हे केलं आणि १९४९ मध्ये माणसांवरचे अनुभव प्रसिद्ध केले, त्यात बाळंतपणानंतर प्रचंड रक्तस्राव झालेली एक बाई होती. ऑक्सिजन पोचत होता. पण किडन्या बिघडत होत्या.

कारण असं की हिमोग्लोबिनचा रेणू चार तुकड्यांचा असतो. पेशीच्या आत एकेका पेशीत असे सुमारे २७ कोटी रेणू दाटीवाटीनं भरलेले असतात म्हणून ते चार तुकडे एकत्र राहतात. बाहेर प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवात, विरळ झाले की त्यांचे दोन-दोनचे तुकडे पडतात, ते इतके लहान की किडनीच्या गाळणीतून सरळ खाली जातात आणि तिथल्या नलिका खराब करतात. आधी वाटलं की पेशीच्या आवरणाचे अवशेष राहतात त्यानं किडनी बिघडते, म्हणून १९६० च्या दशकात अगदी स्वच्छ गाळलेलं हिमोग्लोबिन आलं, तरी त्रास पूर्ण गेला नाही. मग रसायनशास्त्र आलं मदतीला, चार तुकडे आतून टाके घालून बांधायचे, किंवा अनेक रेणू एकमेकांना जोडून मोठी साखळी करायची, किंवा वरून पॉलिमरचा थर चढवायचा. किडनीचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला.

आणि मग बीपी वाढायला लागलं. हा खरा खलनायक निघाला. आपल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर सतत थोडा थोडा नायट्रिक ऑक्साइड तयार करत असतं, त्यानं वाहिन्या सैल राहतात. हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनइतकाच काय, जास्तच प्रिय आहे. पेशीच्या आत असताना मध्ये पेशीचं आवरण असतं, शिवाय वाहत्या रक्तात लाल पेशी भिंतीपासून जराशा दूर राहतात, त्यामुळे तो फारसा हाताला लागत नाही. मोकळं हिमोग्लोबिन मात्र भिंतीला चिकटून वाहतं, अस्तराच्या फटींतून आतही शिरतं आणि सगळा नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतं. वाहिन्या आवळतात, बीपी चढतं, अन्ननलिकेचे स्नायू आखडतात म्हणून गिळायला त्रास होतो, पोटात दुखतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हृदयाच्या वाहिन्याही सुटत नाहीत.

बरं, बीपी वाढलेलं दिसलं की डॉक्टरला वाटतं पेशंट सावरला, म्हणून तो पुढचा सलाइन आणि रक्त हात आखडून देतो. मॉनिटरवर आकडा छान आणि आत अवयवांना पुरवठा कमी. रक्तस्रावाच्या पेशंटमध्ये आमची सगळी नजर त्या आकड्यावर असते, म्हणून मला ह्याची जास्त भीती वाटते.

रानवारा

मी केमिकल इंजिनियर, परफ्लुओरोकार्बनवर थोडं लिहितो कारण ते घराणं नेहमी मागे पडतं.

हे द्रव म्हणजे कार्बनच्या साखळीला हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन. इतके निष्क्रिय की शरीर त्यांचं काहीच करू शकत नाही, पचवत नाही मोडत नाही. पण वायू भरपूर विरघळवतात. एक वातावरण दाबाचा शुद्ध ऑक्सिजन असेल तर १०० मिली द्रवात ४० ते ५० मिली ऑक्सिजन मावतो. १९६६ मध्ये लेलँड क्लार्क आणि फ्रँक गोलन ह्यांनी ऑक्सिजन सोडलेल्या अशा द्रवात जिवंत उंदीर बुडवून ठेवले आणि ते द्रवच श्वासात घेत जगले. १९६८ मध्ये रॉबर्ट गेयर ह्यांनी तर उंदरांचं जवळजवळ सगळं रक्त काढून त्याजागी ह्याचं इमल्शन (बारीक थेंबांचं दुधासारखं मिश्रण) भरलं, ते जगले आणि नंतर त्यांच्या शरीरानं स्वतःचं रक्त परत तयार केलं.

अडचण काय, तर हिमोग्लोबिन ऑक्सिजन पकडतं, हा द्रव पकडत नाही. सोड्याच्या बाटलीत गॅस विरघळतो तसा दाबाच्या प्रमाणात विरघळतो, दाब कमी तर ऑक्सिजन कमी. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्केच, त्यामुळे पेशंटला मास्क किंवा व्हेंटिलेटरवर जवळपास शुद्ध ऑक्सिजन द्यावा लागतो तरच फायदा. शिवाय पाण्यात अजिबात मिसळत नाही म्हणून ०.१ ते ०.२ मायक्रॉनचे थेंब करून इमल्शन बनवायचं, आणि ते थेंब काही तासांत यकृत-प्लीहेतल्या सफाई पेशी उचलतात, मग हळूहळू फुप्फुसातून उच्छ्वासावाटे बाहेर जातात. ताप, अंगदुखी, प्लेटलेट काही दिवस कमी होणं हे दुष्परिणाम त्यातूनच येतात.

ह्याच लहान थेंबांचा एक मोठा फायदाही आहे. लाल पेशी ७-८ मायक्रॉनची, हे थेंब तिच्या पन्नासाव्या हिश्शाचे. जिथे वाहिनी जवळपास बंद झालीय आणि पेशी पलीकडे जात नाही तिथून हे निसटतात. जपानच्या ग्रीन क्रॉस कंपनीच्या फ्लुओसोल ह्या द्रवाला १९८९ मध्ये एफडीएनं, म्हणजे अमेरिकेच्या औषध-मंजुरी संस्थेनं, परवानगी दिली ती ह्याच कामासाठी, हृदयाच्या वाहिनीत फुगा फुगवलेला असताना पलीकडच्या स्नायूला ऑक्सिजन मिळावा म्हणून. पण ते गोठवून ठेवायचं, वितळवायचं, वापरायच्या आधी मिसळायचं, एवढा व्याप कॅथलॅबमध्ये कोण करणार, आणि फुग्याचं तंत्रही सुधारलं, १९९४ मध्ये ते बंद झालं.

अवलोकन

रानवारा, रशियाचं राहिलं. मॉस्कोजवळच्या पुश्चिनोमध्ये फेलिक्स बेलोयार्त्सेव आणि सहकाऱ्यांनी परफ्टोरान बनवलं, तिकडे त्याला निळं रक्त म्हणायचे. १९८० च्या दशकात केजीबीनं त्या प्रयोगशाळेच्या मागे चौकशी लावली आणि डिसेंबर १९८५ मध्ये बेलोयार्त्सेव ह्यांनी आत्महत्या केली. औषधाला तिथे परवानगी मिळाली ती १९९६ मध्ये. ज्या माणसानं ते उभं केलं तो अकरा वर्षं आधीच गेलेला. हे वाचल्यापासून मला ते विसरता येत नाही. म्हणून नाव लिहून ठेवतोय, कारण नावं पुसली जातात.

रानवारा

बरोबर, आभार, हे यायलाच हवं होतं. आणखी एक राहिलं, ऑक्सिजेंट. अमेरिकेतलं, साठवायला सोपं, थेंब चांगले स्थिर. युरोपात हृदयाव्यतिरिक्त इतर शस्त्रक्रियांमध्ये त्यानं रक्ताची गरज कमी केलेली दिसली. मग हृदयशस्त्रक्रियेत चाचणी घेतली, आणि त्या गटात पक्षाघात जास्त दिसले म्हणून २००१ मध्ये थांबवली. त्या चाचणीत पेशंटचं स्वतःचं रक्त ऑपरेशनआधी बरंच काढून ठेवायचे, दोष त्या काढण्याचा की द्रवाचा ह्यावर वाद झाला, पण पैसे संपले की वाद कोण पुढे नेणार. आज हे द्रव डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सर्रास वापरात आहेत, पडदा सुटला की त्याला जागेवर दाबून बसवायला जड द्रव म्हणून. जिथे ऑक्सिजनशी काही संबंधच नाही तिथे यश मिळालं.

चिमणपाखरू

माझ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे शरीरात हिमोग्लोबिन नीट तयारच होत नाही. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त. मी तो फॉरवर्ड वाचला तेव्हा रात्रभर झोपले नाही खरं सांगते, वाटलं आता सुटलो. डॉक्टर, ह्यातलं काही आमच्या कामाचं आहे का? नसेल तर तसं स्पष्ट सांगा, चालेल.

निळाई

चिमणपाखरू ताई, स्पष्टच सांगते, तुमच्या मुलासाठी हे द्रव नाहीत. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, पिशवीतली दिलेली थोडी कमी, पण आठवडे टिकतेच. हे हिमोग्लोबिनचे द्रव रक्तात साधारण एखादा दिवसच राहतात. म्हणजे महिन्याभराचं काम करायला जवळपास रोज द्यावे लागतील, आणि त्यातलं लोह जमा होणारच, जे तुम्ही आधीच गोळ्या देऊन बाहेर काढताय. एखाद्या अपघातात किंवा ऑपरेशनमध्ये काही तासांचा पूल म्हणून ते उपयोगी पडू शकतात, रोजच्या आजारात नाही.

तुमच्या उपयोगाची दुसरी वाट आहे आणि ती ह्या द्रवांपेक्षा तुमच्या जवळची आहे. ब्रिटनमध्ये २०२२ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या लाल पेशी पहिल्यांदाच दुसऱ्या माणसाला दिल्या गेल्या, रिस्टोर नावाची चाचणी, डोस एक-दोन चमचेच. दात्याच्या मूळपेशींपासून वाढवलेल्या असल्यामुळे त्या सगळ्या एका वयाच्या, ताज्या असतात, नेहमीच्या पिशवीत मात्र नव्या-जुन्या सगळ्या असतात. ताज्या पेशी जास्त टिकल्या तर रक्त देण्यातलं अंतर वाढेल आणि लोहही कमी साठेल, असा त्यामागचा विचार आहे. दुसरं, जनुक-संपादनाच्या उपचाराला २०२३ च्या शेवटी ब्रिटनमध्ये परवानगी मिळाली, थॅलेसेमियासाठीसुद्धा, पण १२ वर्षांवरच्यांसाठी, खूप महाग, आणि आधी केमो घ्यावी लागते. मुलाच्या रक्तविकारतज्ज्ञांना ह्याबद्दल जरूर विचारा.

चिमणपाखरू

धन्यवाद डॉक्टर. कळलं. अंतर वाढलं तरी आम्हाला खूप आहे.

तळ्यातमळ्यात

ताई तुमच्यासाठी मनापासून शुभेच्छा.

निळाईताई, तुम्ही वर लिहिलंत की परीक्षा चुकीच्या जागी घेतली. त्यावर जरा विस्तारानं लिहा ना.

अवलोकन

त्याआधी मी दुसरी बाजू मांडतो, कारण मला हे वाक्य फार उदार वाटतंय.

आकडे बघा. बॅक्स्टर कंपनीचं हेमअसिस्ट, आतून टाके घातलेलं मानवी हिमोग्लोबिन. जबर जखमी, शॉकमधल्या पेशंटवर चाचणी, बोलायच्या स्थितीत कुणी नाही म्हणून संमतीशिवाय घेण्याची खास सवलत. १९९८ मध्ये थांबवली. २८ दिवसांत द्रव दिलेल्या ५२ पैकी २४ गेले, सलाइन दिलेल्या ४६ पैकी ८. म्हणजे ४६ टक्के विरुद्ध १७ टक्के.

ह्यानंतर तरी थांबायला हवं होतं. पण २००३ च्या शेवटी नॉर्थफील्ड कंपनीनं पॉलीहीम हा हिमोग्लोबिनचाच द्रव घेऊन पुन्हा तेच सुरू केलं, अँब्युलन्समध्ये, पुन्हा संमतीशिवाय. ज्याला नको असेल त्यानं निळा पट्टा मनगटात घालून हिंडायचं. ज्या लोकांना ही चाचणी चालू आहे हेच माहीत नव्हतं ते पट्टा कुठून घालणार? ७०० हून जास्त पेशंट, ३० दिवसांतले मृत्यू १३.४ टक्के आणि दुसऱ्या गटात ९.६ टक्के.

आणि २००८ मध्ये नॅटन्सन ह्या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी पाच द्रवांच्या १६ चाचण्या, ३७११ पेशंट एकत्र करून तपासलं. मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी जास्त, हृदयविकाराच्या झटक्याचा २.७ पट. त्यांचं म्हणणं सगळ्यात गंभीर आहे, २००० सालापर्यंतच्या चाचण्या एकत्र केल्या असत्या तर धोका तेव्हाच दिसला असता. पण कंपन्यांनी निकाल वेळेवर छापले नाहीत. बेशुद्ध माणसावर प्रयोग करायचा आणि त्याचा निकाल दाबून ठेवायचा, ह्याला मी जागा चुकली म्हणणार नाही. हा अन्याय आहे.

निळाई

निकाल दाबण्याबद्दल मी पूर्ण तुमच्या बाजूला आहे, त्यात किंतु-परंतु नाही. संमतीशिवाय घेतलेल्या चाचणीचा निकाल तर समाजाच्या मालकीचा आहे, तो कंपनीच्या कपाटात राहायचा प्रश्नच येत नाही.

पण नॅटन्सनच्या बेरजेबद्दल माझा एक आक्षेप आहे. पाच वेगवेगळे रेणू, काही लहान काही मोठे, काही घट्ट पकडणारे काही सैल, एकाच टोपलीत टाकले. पेशंटही वेगळे, कुणी गुडघा बदलायला आलेला, कुणी अपघातात चेंदामेंदा झालेला. नायट्रिक ऑक्साइडचा दोष सगळ्यांत आहे म्हणून एकत्र केले हे मला समजतं, आणि त्यावरून जी सावधगिरी आली ती योग्यच होती. त्यावरून हे घराणंच बाद, असा निष्कर्ष मात्र निघत नाही.

आता जागेबद्दल. पॉलीहीमच्या चाचणीत अँब्युलन्सपर्यंत ठीक होतं, तिथे रक्त नव्हतंच, सलाइनच होतं. पण आराखड्यात असं होतं की हॉस्पिटलला पोचल्यावरही १२ तासांपर्यंत, सहा युनिटपर्यंत तोच द्रव चालू ठेवायचा. दारात रक्तपेढी असताना. त्या बारा तासांचं समर्थन मला कुठल्याच कोनातून करता येत नाही. आणि त्यामुळे झालं काय, की सलाइनच्या तुलनेत रस्त्यात फायदा झाला का हा खरा प्रश्न अनुत्तरितच राहिला. मिळालं ते फक्त द्रव आणि रक्त ह्यांच्या तुलनेचं उत्तर, आणि त्यात रक्त जिंकणार हे सांगायला चाचणी कशाला हवी होती.

अवलोकन

१२ तासांचा मुद्दा मान्य. टोपलीचा मुद्दा अर्धा मान्य. हृदयविकाराचा धोका मला आठवतंय त्याप्रमाणे वेगवेगळ्या द्रवांत एकाच दिशेनं जात होता, तो योगायोग नसावा.

निळाई

योगायोग नाहीच, नायट्रिक ऑक्साइड आहे. म्हणूनच तर नवीन लोक हिमोग्लोबिनला पुन्हा पेशीसारख्या पिशवीत घालतायत, खाली लिहिते.

पशुमित्र

एक भर घालतो. मी पशुवैद्य. गायीच्या हिमोग्लोबिनपासून केलेल्या ऑक्सिग्लोबिन ह्या द्रवाला कुत्र्यांच्या अ‍ॅनिमियासाठी एफडीएनं १९९८ मध्येच परवानगी दिली होती. कारण साधं आहे, जनावरांना मोठ्या रक्तपेढ्याच नाहीत. तिथे तुलना रक्त मिळण्याशी नव्हतीच, काहीच न मिळण्याशी होती. निळाईताई म्हणतायत ती जागा हीच.

गायीचं का, तर माणसाच्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला पेशीतलं एक फॉस्फेटचं संयुग लागतं, पेशीबाहेर ते मिळत नाही म्हणून ते ऑक्सिजन धरूनच बसतं. गायीच्या हिमोग्लोबिनला साधे क्लोराइड आयन पुरतात, ते प्लाझ्मात हवे तेवढे.

काचनळी

मी लॅबमधली, त्यामुळे वेगळीच काळजी सांगते. हा द्रव दिला की पेशंटचा प्लाझ्मा लालभडक होतो आणि तो रंग काही केल्या खाली बसत नाही. आमची अर्धीअधिक यंत्रं रंग मोजूनच उत्तर काढतात, बिलिरुबिन, काही एन्झाइम, क्रिएटिनिन, सगळं संशयास्पद. म्हणजे ज्या पेशंटच्या यकृत-किडनीवर सगळ्यात जास्त लक्ष ठेवायचंय त्याचेच रिपोर्ट भरवशाचे नाहीत. क्रॉसमॅचचा नमुना तर आधीच घेऊन ठेवायला हवा. अशा नमुन्यावर लिहून पाठवा इतकं तरी डॉक्टरांनी करावं, नाहीतर आम्ही नमुन्यातल्या पेशी फुटल्या समजून दुसरा मागत बसणार आणि वेळ जाणार.

निळाई

काचनळी, हा मुद्दा खूप मोलाचा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरसुद्धा ह्यात नीट भरवशाचा राहत नाही, कारण मोकळं हिमोग्लोबिन लवकर गंजतं, मेथहिमोग्लोबिन होतं, आणि ते ऑक्सिजन वाहत नाही. पेशीच्या आत ते परत दुरुस्त करणारी एन्झाइमं असतात. बाहेर नाहीत.

पशुमित्र म्हणतात ते ऑक्सिग्लोबिन करणाऱ्या कंपनीनंच माणसांसाठी हेमोप्युअर काढलं. गायीचंच हिमोग्लोबिन, साध्या तापमानाला तीन वर्षं टिकणारं. दक्षिण आफ्रिकेनं २००१ मध्ये त्याला परवानगी दिली, शस्त्रक्रियेतल्या अ‍ॅनिमियासाठी. तिथे एचआयव्हीचं प्रमाण आणि रक्ताचा तुटवडा दोन्ही होते, त्यामुळे तराजू वेगळा होता. अमेरिकेत मोठ्या हाडांच्या शस्त्रक्रियेतल्या चाचणीत हा द्रव मिळालेल्यांपैकी सुमारे ५९ टक्क्यांना रक्त द्यावंच लागलं नाही, पण त्रासाच्या घटना रक्त दिलेल्यांपेक्षा जास्त, म्हणून परवानगी नाही. कंपनी २००९ मध्ये बुडाली. द्रव मात्र पुढच्या मालकांकडे जिवंत राहिला आणि अमेरिकेत खास परवानगीनं अशा रुग्णांना मिळत राहिला ज्यांना रक्त घेताच येत नाही. धर्मश्रद्धेमुळे नाकारणारे यहोवाचे साक्षीदार, किंवा ज्यांच्या शरीरात इतक्या अँटिबॉडी आहेत की जुळणारी पिशवीच सापडत नाही. बॉम्बे रक्तगटाच्या माणसाला तर ओ निगेटिव्हही चालत नाही, त्याच गटाचा दाता लागतो. हिमोग्लोबिन ३-४ वर आलेल्या अशा माणसाला सांगायचं की ह्या द्रवानं हृदयविकाराचा धोका वाढतो म्हणून देत नाही, हे मला जमणार नाही. त्या अनुभवातून एक कळलं, लवकर दिला तर वाचण्याची शक्यता जास्त. अवयव बंद पडल्यावर दिला तर उपयोग होत नाही.

तळ्यातमळ्यात

आणि जपान?

निळाई

हो, जपान. नारा मेडिकल युनिव्हर्सिटीत हिरोमी साकाई ह्यांच्या गटानं शुद्ध हिमोग्लोबिन चरबीच्या पातळ आवरणात भरलंय, सुमारे २५० नॅनोमीटरच्या पिशव्या, लाल पेशीच्या तिसाव्या हिश्शाच्या. आवरणामुळे ते भिंतीत घुसत नाही, नायट्रिक ऑक्साइड तितका शोषत नाही. साठवताना ऑक्सिजन काढून टाकलेला असतो म्हणून रंग जांभळा. पेशीचं मूळ आवरण गेलं म्हणून रक्तगट नाही. २०२२ मध्ये पहिल्या मानवी चाचणीचे निकाल आले, १२ निरोगी पुरुष, १० ते १०० मिली डोस, काहींना सौम्य ताप-पुरळ, बीपीत लक्षणीय बदल नाही. बीपीबद्दलचं ते वाक्य वाचून मला किती बरं वाटलं ते इथे वर वाचलेल्यांना कळेल.

पण १०० मिली म्हणजे एका पिशवीच्या निम्म्याहून कमी, आणि तेही निरोगी माणसात. रक्त वाहून गेलेल्या पेशंटला लिटरभर लागेल तेव्हा काय होतं ते अजून पुढे आहे. आणि ह्यातलं हिमोग्लोबिन येतं कुठून? दान केलेल्या, मुदत संपलेल्या रक्तातून. त्यामुळे रक्तदानाची गरज उरणार नाही हे फॉरवर्डमधलं वाक्य सगळ्यात चुकीचं आणि सगळ्यात घातक आहे. कुणी ते वाचून रक्तदान टाळलं तर चिमणपाखरू ताईंच्या मुलाची पिशवी कमी होते. कृपया ज्यांना तो फॉरवर्ड आला त्यांनी पाठवणाऱ्याला एवढं तरी कळवा.

अमेरिकेत मेरीलँडमध्ये अ‍ॅलन डॉक्टर ह्यांचा गट एरिथ्रोमर नावाचा असाच प्रकार करतोय, तोही आवरणातला, पण वाळवून पावडर करता येणारा, पाणी घातलं की तयार. २०२३ मध्ये अमेरिकी सैन्याच्या संशोधन संस्थेनं, डार्पानं, ह्यासह रक्त गोठवणारे घटकही असलेलं वाळवलेलं रक्त करायला साडेचार कोटी डॉलरहून जास्त निधी दिला. अजून प्राण्यांवरच आहे.

रानवारा

अवयव-रोपणाचं विसरू नका. हॉलंडमध्ये ख्रोनिंगेनला दान मिळालेलं यकृत यंत्रावर ठेवून त्यातून हेमोप्युअरवालं द्रावण फिरवलं गेलं. थंडीत लाल पेशी नीट काम करत नाहीत, हा द्रव करतो, त्यामुळे थंडपासून कोमटपर्यंत एकाच द्रावणात जाता येतं. आधी नाकारलेली यकृतं तपासून त्यातली काही वापरता आली. फ्रान्समध्ये समुद्रकाठच्या वाळूत राहणाऱ्या एका अळीचं हिमोग्लोबिन वापरतात, त्या एका रेणूवर १५६ ऑक्सिजन बसतात, आपल्यावर ४. ती अळी ते मुळातच पेशीबाहेर, रक्तात मोकळं ठेवते म्हणून ते तुटत नाही. किडनी साठवण्याच्या द्रावणात घालायला युरोपात २०२२ मध्ये मान्यता मिळाली. अवयवाला बीपी नसतं, हृदय नसतं, तिथे ह्या द्रवाचे निम्मे दोष लागूच होत नाहीत.

अवलोकन

ठीक, मग निळाईताई तुम्ही चाचणी आखणार असाल तर कशी आखाल? खरंच विचारतोय. संमतीचं काय?

निळाई

जिथून रक्त असलेल्या हॉस्पिटलला पोचायला तासभर तरी लागतो अशाच ठिकाणी. जिथे अँब्युलन्समध्ये रक्त ठेवतात तिथे नाहीच. तुलना सलाइनशी किंवा वाळवलेल्या प्लाझ्माशी, म्हणजे तिथे आज खरोखर जे मिळतं त्याच्याशी. हॉस्पिटलच्या दारात द्रव बंद, पुढे रक्त. छातीत दुखण्याचा किंवा झटक्याचा इतिहास दिसला तर वगळा. बीपीच्या आकड्यावर उपचार ठरवू नका, लॅक्टेट मोजा (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात ते वाढतं). नातेवाईक सापडले की लगेच सांगा आणि ते नको म्हणाले तर तिथेच थांबा. निकाल, चांगला असो वाईट असो, चाचणी संपल्यावर ठरलेल्या मुदतीत उघड करायचा, तसा करार आधी, मगच परवानगी. कंपनीकडे निकालाची चावी नको.

अवलोकन

असे पेशंट मोजकेच मिळतील. वर्षानुवर्षं लागतील, आणि कंपनीचा पैसा तोवर टिकत नाही हेच वर सगळ्यांचं झालं.

निळाई

हो, लागतील. म्हणून हे काम कंपनीच्या पैशावर होणार नाही असं मला वाटतं, सरकारी किंवा सैन्याच्या निधीवरच होईल, आणि तीन-चार देशांनी एकच आराखडा वापरला तर पेशंट जमतील. काचनळी, नमुन्यावर लिहायची सूचनाही त्या आराखड्यात घालते, तुमच्याकडे कुठल्या तपासण्या त्या रंगातही भरवशाच्या राहतात त्याची यादी असेल तर इथे टाका.

काचनळी

टाकते. सोडियम-पोटॅशियम इलेक्ट्रोडवर होतात, ते ठीक. लॅक्टेट ब्लड गॅसच्या यंत्रावर करा, तिथेही इलेक्ट्रोडच आहे. बाकीच्या तपासून मगच लिहीन.